पेन्शन परस्पर दिली तरी ती आधी तुमचीच

विवरणपत्र भरायचे दिवस आले की वर्धा जिल्ह्यातल्या निवृत्तांच्या बैठकींत एक सल्ला हमखास दिला जातो. दान द्यायचंच असेल तर पैसे आधी हातात घेऊ नका, बँकेला सांगून पेन्शनमधून परस्पर संस्थेच्या खात्यात वळते करा, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरलीच जात नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण जो पैसा आपण पाहिलाच नाही त्यावर कर कसला, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. पण भारतात लागू असलेल्या आयकर कायद्यात या सल्ल्याला कुठेही आधार नाही. त्यावर भिस्त ठेवून फॉर्म 16 मध्ये 6,60,000 रुपये पेन्शन दिसत असताना विवरणपत्रात 6,10,000 लिहिणारा माणूस सचोटीने दिलेल्या देणगीसाठी स्वतःच्या नावावर उत्पन्न लपवल्याचा ठपका ओढवून घेतो. हे वारंवार घडतं आणि सहज टाळता येण्यासारखं असल्यामुळे त्याचा जास्त राग येतो.

हा जिल्हा देणाऱ्यांचा आहे. सेवाग्राम आणि पवनार इथेच आहेत. मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली सुरू केलेलं दत्तपूरचं कुष्ठधाम इथे आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे आहे, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचं आनंदवनही इथल्या माणसांना परकं नाही. जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले लोक ठरावीक पेन्शनमधून दरवर्षी काही ना काही देत असतात. अशा माणसांना करसल्ला चुकीचा मिळाला तर नुकसान फक्त पैशांचं होत नाही. नोटीस हातात पडली की देण्याचीच भीती बसते.

मूळ मुद्दा असा, की 1961 च्या आयकर कायद्यात पेन्शन ही पगारातच मोडते. कलम 17 ने पगाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात निवृत्तिवेतनाचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. पगारावर कर लागतो तो रक्कम देय झाली किंवा मिळाली, यातलं जे आधी घडेल त्यानुसार. महिना संपला, पेन्शन देय झाली, की उत्पन्न उभं राहिलं. त्यानंतर ती रक्कम तुमच्या बचत खात्यात पडून आठ दिवसांनी संस्थेकडे गेली, की त्याच दिवशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने पुढे गेली, याने काडीचाही फरक पडत नाही. तुम्ही बँकेला सूचना देऊ शकलात, याचाच अर्थ त्या पैशावर तुमचा हक्क होता. आपल्या हक्काच्या पैशाचं काय करायचं हे ठरवणं म्हणजे उत्पन्नाचा विनियोग. विनियोग कितीही पवित्र असला तरी तो उत्पन्न मिळाल्यानंतरचा.

ज्यांना हे शब्दांचे खेळ वाटतात त्यांनी दोन जुने निकाल शेजारी ठेवून पाहावेत. राजा बिजयसिंह दुधुरिया यांच्या प्रकरणात सावत्र आईच्या पोटगीचा बोजा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने त्यांच्या मालमत्तेवर बसवला होता. प्रिव्ही कौन्सिलने 1933 मध्ये ठरवलं, की तेवढी रक्कम राजांचं उत्पन्नच नव्हे, कारण ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कायद्याने दुसऱ्याची झालेली होती. सीतलदास तीरथदास प्रकरणातही बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूमनामा होता, पण मालमत्तेवर बोजा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सीतलदासांचंच उत्पन्न मानली. पैसा आधी त्यांचा झाला आणि मग देणं फेडण्यासाठी वापरला गेला, असा तो निवाडा आहे आणि आजही या विषयावर पहिला आधार त्याचाच घेतला जातो. न्यायालयाच्या हुकमाने द्यावी लागणारी पोटगीसुद्धा जिथे उत्पन्नातून वगळली गेली नाही, तिथे स्वखुशीने दिलेली देणगी वगळली जाईल हे कोणत्या तर्काने म्हणायचं? पोटगी न देणाऱ्यावर जप्ती येऊ शकते. देणगीची सूचना तुम्ही उद्या सकाळी बँकेत जाऊन रद्द करू शकता.

यावर एक हुशार उत्तर येतं. सूचना नको, आपण रीतसर लेखी करारच करू, पुढची दहा वर्षं माझ्या पेन्शनचा अमुक हिस्सा संस्थेचा, म्हणजे तो आधीच दुसऱ्याचा झाला. सरकारी पेन्शनबाबत ही वाट दीडशे वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे. 1871 च्या पेन्शन कायद्याचं कलम 12 सांगतं, की अजून देय न झालेली पेन्शन आधीच दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा कोणताही करार रद्दबातल आहे. सावकारांनी म्हाताऱ्या पेन्शनरांच्या पुढच्या हप्त्यांवर हात मारू नये म्हणून केलेलं हे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. भविष्यनिर्वाह निधीतली रक्कमही 1952 च्या कायद्याने अशीच सुरक्षित आहे, ती कुणाला लिहून देता येत नाही. एफडीच्या किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या व्याजाचं काय, तर तिथे आयकर कायद्याचं कलम 60 आडवं येतं. ठेव स्वतःच्या नावावर ठेवून नुसतं व्याज दुसऱ्याला दिलं, तर ते व्याज ठेवीच्या मालकाचंच उत्पन्न. प्रभातकुमार मित्तर यांनी शेअर आपल्याकडे ठेवून लाभांश पत्नीच्या नावे करून दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो लाभांश त्यांच्याच उत्पन्नात धरला. ठेवीची मुद्दलच संस्थेला देऊन टाकली, तर पुढचं व्याज नक्कीच संस्थेचं. पण उतारवयात मुद्दल हातची सोडण्याआधी आजारपणाचा हिशेब आधी करावा, कराचा नंतर.

आणखी एक आक्षेप असा, की मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा पगार कापला जातो, तेव्हा तो परस्परच जातो ना? जातो. पण त्या वर्षीचा फॉर्म 16 काढून पाहा. पगार पूर्ण दाखवलेला असतो आणि कापलेली रक्कम वजावटीच्या रकान्यात, कलम 80जी खाली वेगळी येते. म्हणजे हे उदाहरण नेमकं उलट बाजूने साक्ष देतं. पगार सोडून दिला तर तो उत्पन्नातूनच वगळावा असं संसदेला एका बाबतीत वाटलं, तेव्हा त्यासाठी 1961 मध्ये वेतनाच्या ऐच्छिक त्यागाचा वेगळा कायदा करावा लागला, आणि तोही पगार केंद्र सरकारला सोडून देण्यापुरता. सर्वसाधारण नियमच तसा असता तर त्या कायद्याची गरज नव्हती. विनोबांच्या संपत्तिदानातही दात्याने पैसा स्वतःजवळच ठेवून उत्पन्नाचा हिस्सा दरवर्षी सत्कार्याला लावत राहावं, अशीच कल्पना होती. उत्पन्न माझं आहे हे मान्य केल्याशिवाय त्यातला वाटा काढता येत नाही. पवनारच्या भूमीत हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते त्याचा मोठा भाग अमेरिकेतून आलेला आहे. तिथे खरंच अशी सोय आहे. वयाची साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला आपल्या आयआरए या निवृत्तिखात्यातून खातं सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत थेट धर्मादाय संस्थेला रक्कम देता येते आणि ती करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. ही तरतूद 2006 मध्ये आली, 2015 मध्ये कायम झाली, आणि 2025 साठी तिची मर्यादा दरडोई 1,08,000 डॉलर होती. तिथल्या 1040 क्रमांकाच्या विवरणपत्रात खात्यातून निघालेली एकूण रक्कम एका रकान्यात दाखवतात, करपात्र रक्कम शेजारच्या रकान्यात, आणि बाजूला क्यूसीडी, म्हणजे पात्र धर्मादाय वितरण, अशी नोंद करतात. न्यू जर्सीतला मुलगा किंवा सून आपल्या सासऱ्यांच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या बाबतीत हे पाहते, फोनवर सांगते, आणि तो नियम हिंगणघाटात येऊन भारतीय नियम बनतो. आपल्याकडे ईपीएफ, एनपीएस किंवा पेन्शन यांपैकी कशालाही अशी तरतूद नाही. अमेरिकेतल्या मराठी ज्येष्ठांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. ही सवलत तिथल्या कायद्याने पात्र ठरलेल्या अमेरिकी संस्थेला दिलेल्या रकमेपुरतीच आहे. आयआरएमधून सेवाग्रामच्या एखाद्या संस्थेच्या नावाने थेट चेक काढला, तर ती रक्कम तिथे पूर्ण करपात्र होते. शिवाय देणारा अमेरिकी नागरिक झालेला असेल, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, इथल्या कायद्याने तो परदेशी स्रोत ठरतो आणि संस्थेला ते पैसे परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाहीत.

इथपर्यंत आल्यावर वाचक म्हणेल, उत्पन्नातून वगळत नसतील तर नसू देत, वजावट तर मिळते ना? इथे दुसरी निराशा आहे आणि ती आकड्यांनीच दाखवलेली बरी. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात 80जीची वजावट नाही. समजा, साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेला 2025-26 मध्ये 6,60,000 रुपये पेन्शन आणि 90,000 रुपये व्याज मिळालं. नव्या पद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 6,75,000 उरतात आणि बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. त्यांनी 50,000 रुपये दान दिलं तरी शून्य, नाही दिलं तरी शून्य. आता 80जी मिळावी म्हणून त्यांनी हट्टाने जुनी पद्धत निवडली, तर प्रमाणित वजावट 50,000 आणि व्याजाची 80टीटीबीची वजावट 50,000 जाऊन 6,50,000 उरतील. संस्था निम्म्या वजावटीच्या गटातली असेल तर 25,000 आणखी कमी होतील आणि कर येईल उपकरासह 36,400 रुपये. देणगीमुळे वाचले 5,200, आणि ते वाचवण्यासाठी भरले 36,400. जिल्ह्यातल्या बहुसंख्य पेन्शनरांचं उत्पन्न याच टप्प्यातलं असल्यामुळे मी ठामपणे म्हणतो, की त्यांच्या देणगीचा आणि त्यांच्या कराचा आज एकमेकांशी संबंधच उरलेला नाही.

पेन्शन भरपूर असणाऱ्यांचं काय, हा प्रश्न योग्य आहे. पेन्शन आणि व्याज मिळून पंधरा लाख धरा. नव्या पद्धतीत कर 97,500. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट, 80टीटीबी आणि 80सीचे पूर्ण दीड लाख घेऊनही 12,50,000 उरतात आणि कर 1,92,400 होतो. हे अंतर देणगीने भरून काढू म्हणाल तर ते शक्य नाही. बहुतेक खाजगी न्यासांच्या देणगीला दोन कात्र्या लागतात. आधी समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतच रक्कम विचारात घेतात, आणि मग तिच्या निम्म्याची वजावट देतात. इथे ती मर्यादा 1,25,000 आणि वजावट जास्तीत जास्त 62,500. म्हणजे कितीही दिलं तरी बचत 19,500 रुपयांच्या पुढे जात नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, पीएम केअर्स आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांना शंभर टक्के वजावट आहे आणि दहा टक्क्यांची मर्यादाही नाही, पण ही सोय ठरावीक निधींपुरती आहे. गावातल्या संस्थेला देणाऱ्याने ते गणित आपल्या देणगीला लावू नये. घरकर्जाचं व्याज, मोठा वैद्यकीय विमा, घरभाडं अशा वजावटी ज्यांच्याकडे भरपूर आहेत त्यांच्यापुरती जुनी पद्धत अजून फायद्याची ठरू शकते. निवृत्तांच्या घरांत असे हिशेब क्वचितच असतात.

निवृत्तीच्या वर्षी एकरकमी पैसे हातात येतात, तेव्हा या गैरसमजाचं दुसरं रूप दिसतं. ग्रॅच्युइटी, पेन्शनचं अंशराशीकरण, भविष्यनिर्वाह निधी यांतली रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला करमुक्त असते. काही जण सांगतात, करमुक्त पैशातून दिलेल्या दानाला वजावट नसते. हेही खरं नाही. कलम 80जी त्या वर्षात दिलेल्या रकमेबद्दल बोलतं, ती कोणत्या पैशातून दिली याची अट घालत नाही. अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. दहा टक्क्यांची मर्यादा ज्या उत्पन्नावर काढतात त्यात ही करमुक्त रक्कम नसते. ग्रॅच्युइटीतून पाच लाख देणाऱ्याचं करपात्र उत्पन्न आठ लाख असेल, तर विचारात घेतले जातील साधारण ऐंशी हजार. उरलेलं पुढच्या वर्षी ओढता येत नाही. जुन्या पद्धतीत राहणारच असाल आणि संस्थेला घाई नसेल, तर काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलनंतर देणं हा सरळ, कायदेशीर मार्ग आहे.

जुन्या पद्धतीने भरणाऱ्यांनी नोंद कशी करायची, तेही पाहू. पेन्शन फॉर्म 16 प्रमाणे पूर्ण दाखवायची. मग विवरणपत्रातल्या 80जीच्या परिशिष्टात देणगी लिहायची. ते परिशिष्ट आयटीआर-1 मध्येही आहे. त्यात चार तक्ते असतात: शंभर टक्के आणि पन्नास टक्के, दोन्ही मर्यादेविना, आणि तेच दोन मर्यादेसह. स्थानिक न्यासाची देणगी बहुधा शेवटच्या तक्त्यात येते. संस्थेचं नाव, पत्ता, पॅन, रोख किती, इतर मार्गाने किती, आणि देणगीचा संदर्भ क्रमांक भरायचा. हा क्रमांक फॉर्म 10बीई या प्रमाणपत्रावर असतो, आणि ते प्रमाणपत्र संस्थेने 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडी भरून देणगीदारांची यादी खात्याला कळवल्यावरच तयार होतं. 2021-22 पासून हीच पद्धत आहे. त्यामुळे संस्थेच्या पावतीवर कितीही सुबक शिक्का असला, तरी 10बीई नसेल तर खात्याच्या नोंदीत तुमची देणगी नाही. इथे संस्थांनाही सांगितलं पाहिजे. यादी उशिरा भरणाऱ्या संस्थेला दिवसाला 200 रुपये शुल्क पडतं, पण वजावट अडकते ती विश्वासाने पैसे दिलेल्या म्हाताऱ्या माणसाची. त्याचा पॅन चुकीचा टाइप करून नंतर हात वर करणं क्षम्य नाही. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलतात. 2025-26 चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानुसार आहे.

बाकीचे समज थोडक्यात. दिलं तेवढा कर वाचतो, हे चूक. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. रोख कितीही चालते, हेही चूक. 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला पूर्णपणे बाद होते. धान्य, कपडे, पुस्तकं, औषधं दिली तर ते मोलाचं काम आहे, पण 80जीत वस्तूंना जागा नाही. धर्मादाय रुग्णालयात भरलेलं बिल ही देणगी नव्हे. पावतीवर 80जी कायमस्वरूपी मंजूर असं छापलेलं असेल तर तो जुना मजकूर आहे. 2021 पासून सर्व संस्थांना मुदतीची नोंदणी नव्याने घ्यावी लागली, आणि ती चालू आहे का हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मुदत उलटल्यावर विवरणपत्र भरताना जुनी पद्धत निवडता येत नाही. पंचाहत्तरी झाली की विवरणपत्र नको, हे सरसकट खरं नाही. पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत असेल, दुसरं उत्पन्न नसेल आणि बँकेला तसं लिहून दिलं असेल, तरच.

एक समज मात्र एका ओळीत सोडण्यासारखा नाही, कारण तो विकला जातो. थोडं कमिशन द्या, देणगीची पावती आणून देतो, परतावा मिळवून देतो, असं सांगणारे लोक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. राजकीय पक्षांच्या नावाच्या पावत्या यात विशेष चालतात. आयकर खात्याने जुलै 2025 मध्ये अशा बनावट वजावटींसाठी देशभर 150 ठिकाणी तपासणी केली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट असतो, आणि तो दलालाला नाही, पॅन ज्याचा त्याला भरावा लागतो. खऱ्या दात्याच्या पावतीकडेही संशयाने पाहिलं जातं ते या लोकांमुळे.

ज्यांनी आधीच देणगी वजा करून पेन्शन दाखवली आहे त्यांनी घाबरून गप्प बसू नये. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ते भरावं. नसेल तर अद्ययावत विवरणपत्र म्हणजे आयटीआर-यू आहे, आणि ते आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. त्यात कर आणि व्याजावर जादा रक्कम द्यावी लागते, पहिल्या वर्षात 25 टक्के, दुसऱ्यात 50, मग 60 आणि 70. नव्या पद्धतीत असलेल्या बहुतेक पेन्शनरांचा कर पूर्ण पेन्शन दाखवूनही शून्यच राहतो. त्यामुळे आधी पूर्ण आकड्यावर कर काढून पाहावा, आणि मगच सीएकडे जावं.